सोसायटीच्या झाडांवरचे पांढरे चट्टे: रोग की शुद्ध हवेचं सर्टिफिकेट?

आरेरोडवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गोरेगाव पूर्वेला आमची सत्तरच्या दशकातली सोसायटी आहे. चार इमारती आणि मध्ये बऱ्यापैकी जुनी झाडं: दोन रेन ट्री, काही नारळ, आंबे आणि कंपाउंडला लागून सुपाऱ्या. आंब्याच्या आणि सुपारीच्या खोडांवर राखाडी-पांढरे गोल चट्टे आहेत. काही रुपयाएवढे, काही बशीएवढे. पूर्वीही असतील, पण यंदा पावसात ते हिरवट दिसायला लागले, कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि तिथून वाद पेटला.

बागेचा ठेका ज्याच्याकडे आहे तो म्हणतो, बुरशी लागलीय. खोडं तारेच्या ब्रशने घासायची, वर निळं औषध मारायचं, मग चुना आणि गेरू. कोटेशनही देऊन मोकळा झाला. कमिटीतले निम्मे लोक तयार आहेत, कारण पलीकडच्या गल्लीतली रेन ट्री अशीच पांढरी पडून वाळली. उरलेल्या निम्म्यांना फॉरवर्ड आलाय की हे लायकेन (बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेला जीव) आहे आणि लायकेन फक्त शुद्ध हवेतच उगवतं. एक गृहस्थ, ज्यांचा फ्लॅट सध्या विकायला आहे, ते तर जाहिरातीत हा फोटो टाकणार म्हणतात. हायवे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. दोन दिवस खिडकी पुसली नाही तर बोट काळं होतं. कसली शुद्ध हवा!

तर झाडाला खरंच धोका आहे का, हवेबद्दल यावरून काही कळतं का, आणि हे नेमकं काय आहे ते फोटोवरून सांगता येईल का? रविवारी कमिटीची मीटिंग आहे, त्याआधी कुणी जाणकाराने सांगितलं तर उपकार होतील.

कांदिवलीचे_काका

आमच्याकडे राजापूरला आंब्यावर असलं काही दिसलं की वडील लगेच खरवडायला लावायचे. बांडगूळ काय आणि हे काय, झाडाचा रस पिणारी जात. ठेकेदार बरोबर बोलतोय. फक्त कोटेशन निम्म्यावर आणा.

भांडुपचा_सायकलवाला

काका, नाही हो. फॉरवर्ड बरोबर आहे. आम्हाला शाळेतच शिकवलंय, प्रदूषण असेल तिथे लायकेन वाढत नाही. आरेचं जंगल शेजारी आहे त्याचा फायदा. अभिनंदन!

खोडसाळ_बाई

ठेकेदाराला आजच फोन करून ब्रश खाली ठेवायला सांगा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

काकांचं आधी घेते. बांडगूळ खरंच परजीवी आहे, त्याची मुळं फांदीच्या आत घुसून पाणी ओढतात. लायकेनला मुळंच नसतात. बुरशीच्या धाग्यांची वीण, तिच्यात सांभाळलेल्या शैवालाच्या पेशी, आणि ते शैवाल उन्हात जी साखर करतं त्यावर दोघांचा संसार. पाणी आणि क्षार येतात ते पावसातून, दवातून, उडत्या धुळीतून. खोडाचा उपयोग बसायला जागा एवढाच. भिंतीवरचं पोस्टर भिंतीतून काही पीत नाही, तसंच हे. कवचासारख्या चिकटलेल्या जातींचे धागे सालीच्या वरच्या थरात शिरतात हे खरं, पण तो थर मेलेलाच असतो. वाळत चाललेल्या फांदीवर लायकेन जास्त दिसतं, हे काकांनी पाहिलं असणार आणि ते बरोबरही आहे. फक्त क्रम उलटा आहे. पानं आधी गळली, ऊन आत आलं, म्हणून लायकेन माजलं.

पलीकडच्या गल्लीतली रेन ट्री बहुतेक पिठ्या ढेकणाने गेली असावी. मुंबईतल्या कितीतरी रेन ट्री अलीकडे त्या किडीने वाळल्या आहेत. ती किड आणि लायकेन ओळखायला अक्कल लागत नाही, पाणी लागतं. चट्ट्यावर थोडं पाणी शिंपडा आणि मिनिटभर बघत राहा. लायकेन असेल तर राखाडी रंग डोळ्यांदेखत हिरवट होतो, कारण वरचा बुरशीचा थर भिजला की पारदर्शक होतो आणि खालचं शैवाल दिसायला लागतं. तुमच्याकडे पावसाळ्यात जे 'पसरलं' ते पसरलेलं नाही, भिजलेलं आहे. पिठ्या ढेकूण कापसासारखा असतो, कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यांत आणि पानांच्या देठांशी गोळा होतो, बोटाने चिरडला की चिकट लागतो, आणि मुंग्यांची रांग त्याच्यामागे असतेच.

निळं औषध म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक. त्याने लायकेन मरेल, झाडाला नफा शून्य. तारेचा ब्रश मात्र सरळसरळ नुकसान करेल, आणि सगळ्यात जास्त सुपारीचं. आंब्याची साल खरवडली तर कालांतराने भरून तरी येते. सुपारी-नारळाच्या खोडाला तशी साल भरून आणणारा थरच नसतो, एकदा झालेली जखम झाड असेपर्यंत राहते. हे वाक्य मीटिंगमध्ये मोठ्याने वाचा.

आता फ्लॅटवाले गृहस्थ आणि सायकलवाले भाऊ. तुमच्या फॉरवर्डचं मूळ पॅरिसमध्ये आहे. १८६६ मध्ये विल्यम नायलँडर या फिनलंडच्या अभ्यासकाने लिहून ठेवलं की शहरात इतरत्र न दिसणारी लायकेन लक्झेंबर्ग बागेत टिकून आहेत, म्हणजे तिथली हवा बरी असावी. पुढे कारणही कळलं. लायकेनच्या अंगावर पानासारखं मेणाचं आवरण नाही, बंद करता येतील अशी छिद्रं नाहीत. हवेत जे असेल ते थेट आत जातं. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड शैवालाचं हरितद्रव्य नासवतो, शैवाल गेलं की बुरशी उपाशी. १९७० मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी तर पट्टीच बनवली: खोडावर कोणत्या जाती आहेत ते बघायचं आणि हवेत सल्फर डायऑक्साइड किती असेल याचा अंदाज करायचा.

पण 'कोणत्या जाती' हे दोन शब्द फॉरवर्ड करणाऱ्याने गाळले. सगळी लायकेन नाजूक नसतात. काही भलतीच चिवट आहेत, आणि आपल्या शहरांतल्या रस्त्याकडेच्या झाडांवर नेमकी तीच असतात. त्यांतली एक म्हणजे पिक्सीन कोकोएस. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या लोकांनी रहदारीतल्या विषारी धातूंचं मोजमाप करायला हीच जात वापरली आहे, कारण ती रहदारीत जगते आणि अंगात धातू साठवते. म्हणजे तुमच्या आंब्यावर ती असेल तर गृहस्थांची जाहिरात नेमकी उलटी लागू पडते. गंमत अशी की हिला पिक्सीन या प्रजातीत (जीनसमध्ये) बसवून आजचं नाव दिलं ते याच नायलँडरने.

मी खोडाजवळ गेले की काय आहे याच्याआधी काय नाही ते बघते. दाढीसारखी लोंबणारी अस्निया नाही, तळहाताएवढी पसरट परमोट्रेमा नाही, निळंहिरवं शैवाल पोटात घेणारी काळपट लेप्टोजियम नाही. आपल्या शहरी झाडांवर ही मंडळी माझ्या पाहण्यात नाहीत. आणि इथेही लगेच 'बघा, प्रदूषण!' म्हणून ओरडू नका. महाबळेश्वरच्या झाडांवर ती ढिगाने आहेत, पण महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे, धुकं आहे, थंडी आहे. आपल्याकडे समुद्रसपाटी, आणि पाऊस गेला की पुढच्या जूनपर्यंत कोरडं ऊन. मुंबईची तुलना महाबळेश्वरशी करणारे शाळेतले प्रकल्प बघून मी थकले. तुलना करायची तर तुमच्याच आवारातल्या रस्त्याकडच्या आंब्याची आतल्या आंब्याशी करा.

फोटोवरून जात सांगणार नाही. एक स्वस्त युक्ती सांगते. खोट्या नोटा ओळखायला दुकानदार वापरतात ती अतिनील टॉर्च आणा, ३६५ नॅनोमीटरची असेल तर उत्तम. रात्री चट्ट्यावर मारा. पिक्सीन कोकोएस पिवळी झळकते, तिच्या वरच्या थरात लायकेक्झँथोन नावाचं रसायन असतं. तिच्यासारखीच दिसणारी डिरिनारिया साधारणपणे अशी पिवळी दिसत नाही. दिवसा भिंगातून बघा: डिरिनारियाचे पदर खोडाला अगदी चिकटलेले आणि वर घड्या पडल्यासारखे, तर पिक्सीनची कड नखाने किंचित उचलली तर खाली काळा तळ आणि बारीक केसांसारखे धरून ठेवणारे तंतू. पिवळं झळकणारं सगळं पिक्सीन नसतं, तेच रसायन काही कवचासारख्या जातींतही असतं. टॉर्च आणि भिंग दोन्ही जुळलं तरच नाव घ्या.

मसाला_आणि_मी

बाई, विषयांतर करते, पण गोडा मसाल्यात घालतो ते दगडफूल हेच ना? लालबागला मिरची गल्लीतून आणते दरवर्षी. मग आमच्या बिल्डिंगच्या झाडावरचं खरवडून वापरलं तर?

खोडसाळ_बाई

अजिबात नको! वर काय लिहिलं, धातू साठवते म्हणून. रस्त्याकडेच्या झाडावरचं लायकेन म्हणजे रहदारीचा खतावणीवजा हिशेब आहे, तो आमटीत घालायचा नाही.

नातं मात्र आहे. मसाल्याचं दगडफूल हेही लायकेनच, पण ती मोठ्या पानांसारखी जात, बहुतेक परमोट्रेमा आणि तिच्या भावकीतली. बराच माल हिमालयाच्या पायथ्याकडून येतो. पुडीवर नाव एकच असलं तरी आत तीन-चार जाती सहज निघतात. वेळ असेल तर एक प्रयोग करा. पुडीतला एक मोठा तुकडा घ्या, वरून राखाडी, खालून काळा आणि कडेला तपकिरी गुळगुळीत पट्टा असलेला. सुईने वरची राखाडी कातडी खरवडा, आत पांढरा कापसासारखा थर लागेल. त्यावर कपड्यांच्या ब्लीचचा एक थेंब. लगेच लाल झालं आणि थोड्या वेळात विरलं, तर तो तुकडा परमोट्रेमा टिंक्टोरमचा असण्याची शक्यता फार, तो लाल रंग लेकॅनोरिक आम्लाचा. शेजारचा तुकडा अगदी तसाच दिसेल आणि मुळीच लाल होणार नाही, कारण त्याच्यात रसायन दुसरं. रसायनांचे थेंब टाकून जाती ओळखायची ही रीत सुरू केली, परत एकदा, नायलँडरनेच. माणूस भांडखोर होता पण कामाचा होता. तुकडा नंतर फेकून द्या, डब्यात परत टाकू नका.

आरेरोडवाला

बाई, खूप आभार. मीटिंग झाली. सुपारीच्या जखमेचं वाक्य वाचल्यावर ठेकेदारच गप्प बसला. ब्रश रद्द, चुन्याचं पुढे बघू म्हणाले. जाहिरातवाले गृहस्थ माझ्याशी बोलत नाहीत.

टॉर्च मिळाली, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून उसनी. रात्री साडेदहाला मी, माझी मुलगी आणि वॉचमन अशी वरात निघाली. हायवेकडच्या आंब्यावर चट्टे सगळे एकाच तऱ्हेचे आणि जवळजवळ सगळे पिवळे झळकले. कड उचलून बघितली, खाली काळं आणि केसाळ. आतल्या बाजूच्या आंब्यावर मात्र मजा आहे: काही पिवळे झळकतात, काही अजिबात नाही, शिवाय एक लिंबाच्या सालीसारखी पिवळी पूड, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या रेघोट्या, जणू मोडी लिपीत कुणी काहीतरी खरडलंय. सुपाऱ्यांवर या रेघोट्या भरपूर आहेत. रेन ट्रीवर जवळजवळ काही नाही, फक्त खालच्या भागात थोडं.

आणि नारळांच्या खोडांवर गंजासारखा नारिंगी थर आहे, एका बाजूने वरपर्यंत. तोही लायकेन का? टाकीच्या भिंतीवरही तसलाच आहे, वॉचमन म्हणतो पाइपचा गंज उतरलाय.

पुण्यात_शिकतोय

मी मूळचा दादरचा, सध्या पुण्यात एमएस्सी करतोय, लायकेनवरच प्रोजेक्ट आहे म्हणून राहवलं नाही. बाईंच्या पुढे बोलायचं धाडस करतो.

मोडीसारख्या रेघोट्या म्हणजे ग्राफिस किंवा तिच्या कुळातलं कुणीतरी. त्या काळ्या रेघा म्हणजे बुरशीची बीजाणू तयार करायची जागा, फटीसारखी उघडते. पश्चिम घाटात आणि कोकणात हे कुळ प्रचंड आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला माखिजा, भारती अडावदकर या मंडळींनी यावर कित्येक वर्षं काम केलं, तिथल्या संग्रहात नमुन्यांच्या पाकिटांचे गठ्ठे आहेत. पण सर, फोटोवरून किंवा भिंगातूनही जात सांगता येत नाही. रेघ ब्लेडने आडवी कापायची, काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, बीजाणू रंगीत आहेत की बिनरंगी, त्यात पडदे किती, आडवेच की उभेही, आयोडीनने निळे होतात का, आणि मग रसायनांसाठी टीएलसी, म्हणजे रसायनं वेगळी करून ओळखायची चाचणी. अवस्थींची बारीक लायकेनच्या जाती ओळखायची १९९१ ची प्रश्नावली ('की') उघडली की पहिल्या पानापासून हेच प्रश्न विचारते. धरणीधर अवस्थी म्हणजे लखनौचे, भारतातल्या लायकेन अभ्यासाचा पाया त्यांनी घातला.

अजून एक. 'पिक्सीन कोकोएस' हे नाव नियमाप्रमाणे फक्त त्यातल्या बुरशीचं. आतल्या शैवालाचं नाव वेगळं, आणि एकच शैवाल अनेक लायकेनमध्ये राहू शकतं. त्यामुळे लायकेनचं वर्गीकरण म्हणजे बुरशीचंच वर्गीकरण. २०१६ साली जी जगभराची यादी झाली तिच्यात १९,३८७ जाती आणि ९९५ प्रजाती मोजल्या होत्या. भारतातल्या अडीच हजारांहून जास्त.

आणि 'एक बुरशी अधिक एक शैवाल' हेही आता जुनं झालं. २०१६ मध्येच टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वरच्या कातडीत तिसरी, यीस्टसारखी बुरशी असते. अमेरिकेतली ब्रायोरिया नावाची दोन लायकेन, एक तपकिरी आणि दुसरी विषारी पिवळी, दोघींची बुरशी तीच, शैवाल तेच, फरक यीस्टच्या प्रमाणात! आमच्या क्लासमध्ये यावर दोन तास भांडण झालं.

खोडसाळ_बाई

बोला की बाळ, धाडस कसलं. कापाचं बरोबर लिहिलंस. फक्त यीस्टचा किस्सा सांगताना पुढचा भागही सांगत जा. २०१९ मध्ये लेंडेमर आणि मंडळींनी ३३९ जातींचे डीएनए तपासले आणि ते यीस्ट सगळीकडे नसतं असं निघालं. काही लायकेनमध्ये आहे, कित्येकांत नाही. तिसरा भागीदार सापडला ही बातमी सगळीकडे छापून आली, नंतरची तपासणी कुणी छापली नाही. भांडण करायला हरकत नाही, लायकेनवाल्यांची ती परंपराच आहे. बुरशी आणि शैवाल असे दोन जीव एकत्र आहेत हे स्विस अभ्यासक श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं तेव्हा आपला नायलँडर त्यांच्यावर असा काही तुटून पडला की शेवटपर्यंत त्याने ते मान्य केलं नाही. जो माणूस लायकेनच्या अंगात काय काय आहे हे थेंब टाकून ओळखत होता, त्याला आत दोघं राहतात हे पटेना!

आरेरोडवाले, तुमचा नारिंगी थर ना गंज, ना लायकेन. ते ट्रेंटेपोहलिया नावाचं शैवाल आहे, एकटं राहणारं. जात हिरव्या शैवालांची, पण पेशींत कॅरोटीन इतकं ठासून भरलेलं असतं की हिरवा रंग झाकला जातो. बोट फिरवा, नारिंगी पूड लागेल. मुंबईत दमट भिंतींवर, पावसाच्या माऱ्याच्या बाजूला सगळीकडे आहे, आणि लोक दर दोन वर्षांनी प्लंबरला शिव्या घालतात. नारळाला त्याचा त्रास नाही. आता सुपारीवरच्या रेघोट्यांशेजारचं पांढरं कवच सुईच्या टोकाने किंचित ओरखडून बघा, खाली पिवळसर-नारिंगी छटा दिसेल. तेच ट्रेंटेपोहलिया किंवा त्याची भावंडं ग्राफिसच्या पोटात असतात. म्हणजे एकाच भावकीतलं शैवाल टाकीच्या भिंतीवर स्वतंत्र आणि सुपारीवर बुरशीच्या घरात, वीस पावलांच्या अंतरात.

पिवळी पूड बहुधा क्रायसोथ्रिक्स. ती सालीच्या सावलीतल्या, पाऊस थेट न लागणाऱ्या भेगांत बसते. रेन ट्रीची साल खडबडीत आणि भेगाळ, रेघोट्यांना गुळगुळीत जागा आवडते, म्हणून ती रिकामी वाटते. पेरूवर तर काहीच सापडायचं नाही, दर थोड्या दिवसांनी साल सोडून देणाऱ्या झाडावर कोण घर करणार?

दोन आंब्यांमधला फरक तुम्ही छान टिपलात, पण त्यावरून हायवेने हे केलं असं कमिटीला सांगू नका. दोन झाडांवरून काही सिद्ध होत नाही. हायवेकडच्या आंब्यावर ऊन जास्त असेल. पूर्वी कधी त्याला चुना लागला असेल तर सालीची आम्लता बदललेली असते. गाड्या धुण्याचं पाणी आतल्या आंब्यावर उडत असेल. खरंच मोजायचं असेल तर युरोपात २०१४ पासून ठरलेली पद्धत आहे, आपल्याला सहज जमेल. सरळ, जखम नसलेली, एकाच जातीची झाडं निवडायची. जमिनीपासून एक मीटरवर सुरू करून वर पन्नास सेंटिमीटरची दोरीची शिडी लावायची, तिच्यात दहा बाय दहा सेंटिमीटरचे पाच चौकोन. अशी शिडी खोडाच्या चारही दिशांना. कोणती जात किती चौकोनांत आहे एवढंच लिहायचं, नाव येत नसेल तर 'पिवळी झळकणारी', 'मोडीवाली' चालेल, प्रत्येक वेळी तेच नाव वापरा म्हणजे झालं. तुमच्या मुलीला द्या हे काम. आणि काही खरवडून नमुने वगैरे गोळा करू नका. ही वाढतात ती वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाने, आणि सुट्टीत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलात तर तिथून काही उचलणं कायद्यानेही बंद आहे.

भांडुपचा_सायकलवाला

म्हणजे शाळेत शिकवलेलं चुकीचं?

खोडसाळ_बाई

अर्धवट. सल्फर डायऑक्साइडपुरतं पक्कं होतं, आणि तो वायू शहरांत पूर्वीइतका नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखात १० भाग इतकंच ठेवायचं बंधन आहे, त्याआधी ५० होतं आणि त्याच्याही आधी कितीतरी जास्त. युरोपात सल्फर कमी झाल्यावर लायकेन शहरांत परत आली, पण जुनीच मंडळी परतली नाहीत, नायट्रोजन आवडणारी पिवळी जात पुढे घुसली. आपली अडचण आज आहे ती बांधकामाची धूळ आणि वाहनांचे नायट्रोजनचे वायू. आपल्या खोडांवर कोण येतंय, कोण जातंय हे त्यानुसार वाचायला हवं, इंग्लंडची १९७० ची पट्टी इथे लावून उपयोग नाही.

कांदिवलीचे_काका

बाई, बांडगुळाचं मानलं. पण चुना-गेरूला तरी हरकत काय? खालच्या तीन फुटांना लावला तर वाळवी येत नाही, आणि दिसायलाही नीटनेटकं. दुसरं, मीही मुलाकडून टॉर्च मागवली. आमच्या सुपारीवरचे डाग जांभळट-पांढरे दिसतात, पिवळे नाहीत. मग ती कोणती जात?

खोडसाळ_बाई

काका, मान देऊन सांगते. चुना लावायचाच असेल तर खाली लावा, मीटरभराच्या वर जाऊ नका, म्हणजे आरेरोडवाल्यांच्या मुलीची शिडी तरी वाचेल. वाळवी खरोखर असेल तर आधी मातीची नळी शोधा. ती नसताना दरवर्षी रंगवणं हे झाडासाठी नाही, बिलासाठी असतं.

टॉर्च बहुतेक ३९५ ची आली आहे. तिचा स्वतःचाच जांभळा उजेड पांढऱ्या डागावरून परत येतोय, जातीचा त्यात संबंध नाही. डब्यावर आकडा छापलेला असतो, बघून सांगा. ३६५ असेल आणि तरीही तसंच दिसत असेल तर भिजवलेल्या आणि कोरड्या डागाचे दोन फोटो टाका, शेजारी मोजपट्टी धरून.

कांदिवलीचे_काका

३९५ च आहे. परत करतो.